माशीला इचार!

तात्यांना वेळ विचारू नये. मनगटावर घड्याळ आहे, ते चालूही आहे, पण तात्या त्यात पाहत नाहीत. समोरच्या वावराकडे मान वळवतात आणि म्हणतात, "कलिंगडाचं फूल मिटाय लागलंय." म्हणजे दुपार व्हायला आली, हे आम्हा वरकुट्याच्या लोकांना आता सवयीनं कळतं. संध्याकाळी विचारलं तर उत्तर येतं, "दोडका उघडला." एकदा इंदापूरच्या एसटीची वाट पाहणाऱ्या एका पाहुण्यानं त्यांना किती वाजले म्हणून विचारलं. कलिंगड, काकडी, भोपळा ही मंडळी सकाळी का उमलतात आणि दोडका-दुधी दिवेलागणीचा मुहूर्त का धरतात, हे तात्यांनी त्याला सविस्तर समजावलं. समजावून झालं तेव्हा एसटी निघून गेली होती. किती वाजले ते मात्र पाहुण्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

इंदापूर तालुक्यात वरकुटे दोन, खुर्द आणि बुद्रुक. माशीवाले तात्या राहतात एका वरकुट्यात आणि मार्गदर्शन करतात दोन्हींत. नेमके कोणत्या वरकुट्याचे, असं विचारलंत तर खुर्दवाले म्हणतात बुद्रुकचे आणि बुद्रुकवाले म्हणतात खुर्दचे. असा माणूस तुमच्या गावातही असणार. तुमच्याकडे तो माशीवाला नसेल. गांडूळखतवाला असेल, देशी गायवाला असेल, जीवामृतवाला असेल. तुम्ही बी कोणतं पेरलं हे त्याला तुमच्या आधी ठाऊक असतं आणि ते चुकलं हेही तो तुमच्या आधी सांगतो. पैसे घेत नाही, त्यामुळे त्याला नकोही म्हणता येत नाही.

पांढरा लेंगा, नेहरू शर्ट, टोपी. बुडाखाली एक जुनी एम-८०, जिचा आवाज आला की गावातले निम्मे शेतकरी आपल्याच उसात शिरतात. शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायमच्या: भिंग, आगपेटी आणि बँकेची डायरी. भिंग किडी पाहायला. आगपेटीत काड्या नसतात, मेलेल्या माश्या असतात. कुणी विडी पेटवायला आगपेटी मागितली की तात्या लगबगीनं काढून देतात आणि मागणाऱ्यानं ती उघडली की पहिला धडा सुरू होतो. ही सातेरी, आपली गावठी, पेटीत राहते. ही मेलिफेरा, परदेशातून आलेली, हीसुद्धा पेटीत राहते आणि मध जास्त देते. ही बारकी फुलोरी, झुडपात एकच पोळं करते. "आग्या ठेवत न्हाई. तिच्याशी ती मेल्यावरसुद्धा मस्करी नको." विडी राहते बाजूला. गावातल्या काही जणांची विडी अशानं कमी झाली, हे तात्यांच्या मार्गदर्शनाचं कुणी न मोजलेलं फळ.

डायरीत फुलोऱ्याच्या नोंदी. करंज कधी फुलला, कडुलिंबाला तुरा कधी आला, तुरीवर पहिली माशी कधी दिसली. घरातल्या घटनाही त्यातच, पण फुलांच्या आश्रयानं. थोरल्या मुलीच्या लग्नाची नोंद आहे, "बाभूळ भरात. ताईचं लग्न." धाकट्याला नोकरी लागली त्या पानावर शेवग्याचा बहर अर्धं पान आणि नोकरी अर्धी ओळ.

तात्यांकडे प्रश्न घेऊन जाणाऱ्यानं शिदोरी बांधून जावं. कारण उत्तराची सुरुवात नेहमी एकाच वाक्यानं होते: "थांब. आधी मला एक सांग."

"तात्या, डाळिंबाची कळी गळतीय."

"थांब. आधी मला एक सांग. गळालेली कळी उचलून बघितलीस?"

"त्यात काय बघायचं? गळाली."

"मग तू डाळिंब लावलंयस कशापायी? भिंतीला रंग द्यायला?"

मग तात्या बांधावर बसतात, खाली पडलेली एक कळी उचलतात, झाडावरची एक तोडतात आणि दोन्ही तळहातावर ठेवतात. ही बघ, बुडाला निमुळती, घंटेच्या घाटाची. ही नर. ही दुसरी बुडाला फुगीर, तांब्याच्या घाटाची. फळ धरतं ते हिला. डाळिंबाला दोन्ही फुलं येतात आणि नर फुलं गळायचीच, त्यांचं काम परागापुरतं. "त्यांच्यापायी तू दुकानातनं बाटली आणून वततोस. लगीन लागल्यावर वऱ्हाड घरी निघालं म्हणून रडतंय का कुणी?" ऐकणारा चूप. पण तात्या थांबलेले नसतात. तांब्याच्या घाटाची कळी गळत असेल तर मात्र विचार करायचा. पाणी कमी-जास्त झालंय का, अन्नद्रव्यं कमी पडतायत का, आणि सगळ्यात आधी, सकाळी प्लॉटात माशी दिसते का?

इथं ते पेटंट वाक्य येतं: "मला काय इचारतोस? माशीला इचार."

याचा अर्थ असा, की सकाळी उन्हं अंगावर यायच्या सुमाराला प्लॉटात जायचं, मोबाइल घरी ठेवायचा, एका झाडापाशी उकिडवं बसायचं आणि फुलावर माशी येते का ते मोजायचं. आली तर बरं. न आली तर एकरी एक-दोन पेट्या ठेवायच्या. त्याही बहर फुटायच्या आधी नाहीत, शंभरातली पाच-दहा फुलं उघडली की मग. आधी ठेवल्या तर माशी शेजाऱ्याच्या शेवग्याची वाट शिकते आणि तुमचं डाळिंब पोरकं राहतं. एवढं ऐकून शेतकरी उठतो आणि थेट दुकानात जाऊन बाटली घेतो. माशीला विचारण्यापेक्षा दुकानदाराला विचारणं सोपं, तो बसायला खुर्ची देतो.

पेट्या भाड्यानं द्यायच्या धंद्यात तात्यांनी पैसा का केला नाही, याचं कारण एका वाक्यात सांगता येतं: ते खरं बोलतात. मागे एक सीताफळवाला आपण होऊन पेट्या भाड्यानं मागायला आला. पैसे रोख काढून उभा. तात्या म्हणाले, "थांब. आधी मला एक सांग. सीताफळाच्या फुलात माशी शिरताना कधी बघितलीस?" मग त्यांनी त्याला सांगितलं, की सीताफळाचं परागीभवन बारीक भुंगेरे करतात, नाहीतर माणसानं ब्रश घेऊन हातानं करायचं, पेटी ठेवून उपयोग नाही. तो पैसे घेऊन परत गेला. केळीवाल्याला सांगितलं, तुझ्या केळीला परागीभवन लागतच नाही. द्राक्षवाल्याला सांगितलं, तुझं फूल स्वतःचं स्वतः भागवतं. मक्याला वारा पुरतो. ऊसवाल्याला तर काही सांगावंच लागत नाही. "उसाला माशीची गरज न्हाई, आणि माशीला उसाची," असं म्हणून ते कपाळाला हात लावतात, कारण तालुक्याच्या एका अंगाला उजनीचं पाणी, दुसऱ्या अंगाला नीरा, मधून कालवे, आणि जिथं पाणी तिथं ऊस. नजर जाईल तिथवर हिरवं आणि माशीला खायला एक फूल नाही. असल्या मुलखात मधमाशीचा प्रचार करायचं ज्याच्या मनात येतं, त्याच्या चिकाटीला दाद द्यावी की त्याच्या घरच्यांची विचारपूस करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माशीला उसाची गरज नाही, या सिद्धांताला अपवाद रसवंतीचा. उन्हाळ्यात फुलोरा तुटला की माश्या चरकावर जमतात. एका रसवंतीवाल्यानं तात्यांच्या दारात येऊन तक्रार केली.

"तात्या, तुमच्या माश्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात पडत्यात."

"माझ्याच कशावरून?"

"दुसऱ्या कुणाच्या असणार?"

"चल, ओळख परेड घेऊ."

आणि खरंच गेले. भिंग घेऊन चरकापाशी तासभर बसले. त्यात सातेरी किती, फुलोरी किती, आग्या किती, याची नोंद डायरीत केली. आपली एकही मेलिफेरा नाही असा निकाल देऊन वर रसवंतीवाल्याला चिपाडं झाकायला लावली, ग्लासांवर जाळी घालायला लावली आणि निघताना रसाचे पैसेही दिले. पुढं त्या रसवंतीला 'स्वच्छ रसवंती' म्हणून नाव झालं. मालक सांगतो, कल्पना त्याचीच होती.

कृषी सेवा केंद्रात तात्या आले की दुकानदार आधी चहा मागवतो आणि बाहेरच्या बाकावर देतो, कारण आत आले तर ते बाटल्या वाचतात. मोठ्यानं. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. गिऱ्हाइकाच्या हातातली बाटली काढून घेऊन तात्या त्याला त्रिकोण दाखवतात. "हा रंग कसला सांग?" गिऱ्हाईक शाळेत परत गेल्यासारखं "पिवळा" म्हणतं. "आन् प्लॉट फुलात हाय का कळीत?" "फुलात." "मग सकाळी माशी आल्यावर मारणार, का संध्याकाळी माशी घरी गेल्यावर?" दुकानदार आतून म्हणतो, "तात्या, चहा गार होतोय." चहा गारच होतो. तात्यांनी आयुष्यात गरम चहा प्यालेला कुणी पाहिला नाही.

हा संध्याकाळच्या फवारणीचा मंत्र गावानं कसा घेतला, त्याची एक गोष्ट आहे. एका शेजाऱ्यानं भर सकाळी फुलातल्या प्लॉटवर फवारा मारला. दुपारी तात्यांच्या पेट्यांपुढं माश्यांचा सडा पडला. गावानं ओळखलं, आता भांडण. तात्या भांडले नाहीत. त्यांनी ओंजळभर माश्या वर्तमानपत्राच्या कागदात घेतल्या, शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या आणि एक शब्दही न काढता परत आले. तात्या न बोलता परत आले, एवढ्यानंच शेजाऱ्याच्या पोटात गोळा उठला. पुढं दहा दिवस तात्यांनी दाढी केली नाही. लोकांना वाटलं, सोयरिकीतलं कुणी गेलं. एकदोघं घरी भेटायलाही येऊन बसले. कोण गेलं ते काकूंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, सांगितल्यावर त्यांना हसावं की पदर डोळ्याला लावावा ते कळेना. दहाव्या दिवसानंतर मात्र तो शेजारी संध्याकाळी फवारू लागला. कारण विचारलं तर म्हणतो, "सकाळी वारं असतंय." त्याचं पाहून आणखी चारजण संध्याकाळी फवारू लागले. त्या सगळ्यांच्या मते सकाळी वारं असतंय.

यात अडचण एकच झाली. दोडकेवाल्यानंही संध्याकाळी फवारलं आणि तात्या त्याच्यावर उखडले, कारण दोडक्याचं फूल उघडतंच संध्याकाळी. "मग फवारू कधी?" तो रडकुंडीला आला. "फवारायचं कशापायी, हा पहिला प्रश्न," तात्या म्हणाले, "थांब, आधी मला एक सांग." तो थांबला नाही.

फुकटच्या सल्ल्याला गावात किंमत नसते, हे तात्यांनाही ठाऊक आहे. आमच्याकडे मोबाइलवर सल्ला येतो, कंपनीच्या जीपमधून येतो, बँकेतून येतो. सगळे सांगतात आणि जातात. तात्यांचा सल्ला निराळा पडतो, कारण त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या दिवशी सकाळी एम-८० येते. "काल सांगितलं त्याचं काय केलंस?" या प्रश्नाला घाबरून वरकुट्यात जेवढी शेती सुधारली, तेवढी कुठल्याही माहितीपत्रकानं सुधारली नसेल. माणूस आळशी असतो, पण खोटं बोलायलाही त्याला कंटाळा येतो. शेवटी काम करून मोकळा होतो.

तात्यांचं शिक्षण किती, हे विचारलं तर ते म्हणतात, "पुण्याला झालं." गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ सालची. तिथं त्यांनी मधमाशीपालनाचा छोटा वर्ग केला. त्याचं प्रमाणपत्र देवघरात, खंडोबाच्या टाकाशेजारी. बारामतीजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना ते बरोबरीच्या नात्यानं वागवतात. जानेवारीतलं 'कृषिक' प्रदर्शन म्हणजे त्यांची वारी. येताना कापडी पिशवीभर माहितीपत्रकं आणतात आणि ज्याला ज्याची गरज नाही त्याला ते नेमकं देतात. शेळीवाल्याला शेडनेटचं, शेडनेटवाल्याला कोंबडीचं. "वाच. ज्ञान हाय. सडत न्हाई." डाळिंबावर तेल्या आला किंवा झाडं मर रोगानं वाळू लागली, तर मात्र फुशारकी नाही. "हे माझं काम न्हाई. सोलापूरला जा, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हाय." माझं काम नाही असं म्हणू शकणारा सल्लागार मी दुसरा पाहिलेला नाही.

२०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तात्या ते गाव पाहून आले आणि आल्या संध्याकाळी त्यांनी पारावर घोषणा केली, की पुढचं मधाचं गाव वरकुटे. पारावर शांतता. मग एकजण म्हणाला, "तात्या, तिथं जंगल हाय. हितं कारखान्याचं गाळप हाय." तात्या हरणारे नव्हेत. कालव्याच्या कडेनं करंज, कडुलिंब, शेवगा, बोर, जांभूळ लावायचं, बांधाला तीळ आणि सूर्यफूल टाकायचं, एक झाड संपलं की दुसरं फुलायला हवं, असा बारा महिन्यांचा तक्ता त्यांनी डायरीच्या मागच्या पानावर काढून दाखवला. गावानं माना डोलावल्या. पावसाळ्यात तात्यांनी एम-८०वर रोपं वाहिली. त्यातली काही शेळ्यांनी खाल्ली, काही जेसीबीनं. उरलेल्या करंजांखाली आता दुपारी ऊसतोडीच्या बैलगाड्या सुटतात आणि झाडं कुणी लावली असं विचारलं तर लोक म्हणतात, "आधीपासनं हायत."

मधमाशीच्या नाचाचा शोध लावणारा कार्ल फॉन फ्रिश हा तात्यांचा दुसरा देव. त्याला १९७३ साली नोबेल मिळालं, तेव्हापासून जगात काही विशेष घडलं असं तात्यांना वाटत नाही. फूल सापडलेली माशी पोळ्यावर येऊन इंग्रजी आठाच्या आकारात नाचते. नाचाची मधली रेघ सरळ वर गेली तर फूल सूर्याच्या दिशेला, डावीकडे कलली तर तेवढंच सूर्याच्या डावीकडे, आणि शेपूट हलवत जितका वेळ धावेल तितकं अंतर लांब. हे सांगताना ते बसून सांगू शकत नाहीत. लेंगा आवरून पारावर उभे राहतात आणि करून दाखवतात. एकदा बियाणे कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी एका शेतकऱ्याचा पत्ता विचारायला आला. तात्यांनी त्याला सूर्य उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं, स्वतः दोन वेळा आठ काढला आणि म्हणाले, "एवढं लांब." पोरगा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला, मग हळूच पाराखालच्या म्हातारीला पत्ता विचारून गेला. पत्ता तात्यांनी दाखवला त्याच दिशेला निघाला, हे सांगायला हवं.

पावसाळ्यात फुलोरा नसतो, तेव्हा पेटीतल्या माश्यांना साखरपाणी द्यावं लागतं. साखर कुठली? कारखान्याच्या सभासदाला सवलतीत मिळते ती. तात्यांच्या घरात दरवर्षी यावरून दोन पक्ष पडतात. "दिवाळीच्या करंज्या माश्यांनी खाल्ल्या," काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तात्यांचं म्हणणं, करंजी काय, पुढच्या वर्षी पण करता येते. वसाहत एकदा उपाशी मेली की गेली. त्यावर काकू, "मग लेकीला सांगा, पुढच्या वर्षी ये म्हणून." साखर आणायला शेवटी तात्यांनाच दुकानात जावं लागतं. तीही ते मापात आणत नाहीत, थोडी पेटीसाठी जास्त आणतात.

यातूनच तो आरोप निघाला. सूर्यफुलाच्या हंगामातला मध एका घरी दिला होता, तो थंडीत थिजला, बरणीत रवा धरला. "तात्यांनी साखर घातली," अशी बातमी गावभर. तात्यांना बाकी काहीही बोला, ते हसतात. हे मात्र लागलं. ते बरणी मागवून घेऊन पारावर बसले. मधात ग्लुकोज जास्त असला की थंडीत रवा धरतोच, सूर्यफुलाचा तर हमखास. कोमट पाण्यात बरणी ठेवा, सुटतो. आणि साखरपाणी देतो तेव्हा आपण मध काढतच नाही. लोकांना पटेना. मग ज्यानं त्यानं आपापली परीक्षा सांगितली. एक म्हणाला, काडी बुडवून पेटवा. दुसरा म्हणाला, पाण्यात थेंब टाका. तिसऱ्यानं कुत्रं आणलं, खरा मध कुत्रं खात नाही म्हणून. कुत्र्यानं बरणी चाटली. जमाव ओरडला, "बघा!" तात्या शांतपणे म्हणाले, "ह्या कुत्र्यानं काल माझी चप्पल खाल्ली. ती पण साखरेचीच होती व्हय?" शेवटी बरणी कोमट पाण्यात ठेवली, मध सुटला, सगळ्यांनी बोटानं चाखला आणि बरणी रिकामी झाली. ज्या घरची होती त्यांना तात्यांनी दुसरी दिली. तात्यांचा मध विकला जात नाही तो असा.

आता गावातल्या एका लग्नाची गोष्ट सांगायलाच हवी. डाळिंबाच्या प्लॉटाशेजारी घर, घरापुढं कडुलिंब, लिंबाखाली तात्यांनी भाड्यानं दिलेली मेलिफेराची पेटी. मुलीचं लग्न दारातच ठरलं आणि स्टेज नेमकं लिंबाखाली आलं. तात्यांनी बजावलं होतं, पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत, नाहीतर तीन किलोमीटरच्या पलीकडं. मधलं काही चालत नाही, कारण माशी पेटी लक्षात ठेवत नाही, जागा लक्षात ठेवते. घरच्या पोरांनी आदल्या रात्री पेटी उचलून पन्नास पावलांवर गोठ्यामागं ठेवली आणि हात झटकले. सकाळी माश्या कामाला गेल्या आणि दमूनभागून जुन्या पत्त्यावर परतल्या. जुन्या पत्त्यावर आता नवरा-नवरीचा लाल सोफा होता.

बारा पस्तीसचा मुहूर्त. साडेअकराला सोफ्यावर माश्यांचा ढग. बँडवाले गप्प, करवल्या पळाल्या. तात्यांना आणायला मोटरसायकल गेली. ते आले तेव्हा एक डोळा सुजून मिटलेला, कारण सकाळीच दुसरीकडं पेटी उघडताना डंख खाल्ला होता. "सूज चांगली. सांधे मोकळे होत्यात," असं म्हणत त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. मग वरकुट्यानं असं निवेदन ऐकलं जसं कुठल्या लग्नात झालं नसेल. "मंडळी, हात हलवू नका. अत्तर लावलेल्यांनी मागं बसा. ह्या चावायला आल्या न्हाईत, ह्या घरला आल्यात. घर तुम्ही पळवलंय." पोरांकडून त्यांनी पेटी आणवली आणि सोफ्यावर, नवऱ्याच्या जागी ठेवली. माश्या रांगेनं आत जाऊ लागल्या. लग्न स्टेजच्या कडेला उभ्यानं लागलं. मंगलाष्टकांच्या मध्ये तात्यांचा आवाज, "अक्षता हळू टाका!" आहेर द्यायला येणारे आधी पेटीला वळसा घालत होते, काहींनी चुकून नमस्कारही केला. अंधार पडल्यावर पेटीचं दार जाळीनं बंद करून तात्या ती एम-८०वर घेऊन गेले. त्या जोडप्याच्या अल्बममध्ये मधोमध मधपेटी आहे. नवऱ्या मुलाकडच्यांना ती वरकुट्याची रीत वाटली, असं ऐकतो.

गावातल्या बायकांच्या बचत गटापुढं तात्यांचं व्याख्यान झालं, तेव्हा मी मागं उभा होतो. त्यांनी सांगितलं, पेटीतली सगळी कामं मादी माश्या करतात. राणी भर हंगामात दिवसाला १५०० ते २००० अंडी घालते. कामकरी झाडलोट करतात, पिलांना भरवतात, मेण काढतात, पहारा देतात, शेवटी बाहेरचं आणतात, आणि हंगामात सहा आठवड्यांत झिजून मरतात. नराला नांगी नाही, काम नाही; खातो, बसतो आणि टंचाई आली की कामकरी त्याला ओढून दाराबाहेर काढतात. बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. एकजण म्हणाली, "तात्या, हे शेवटचं परत सांगा." त्यांनी परत सांगितलं. त्या दिवशी पारावरची मंडळी लवकर घरी गेली. बचत गटानं दोन पेट्या घेतल्या आणि सल्ला जसा दिला तसा पाळणारे विद्यार्थी तात्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाले. पेटीला मुंग्या चढू नयेत म्हणून तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मेणकिडा लागू नये म्हणून जुन्या चौकटी वेळेवर काढणं, मधाच्या घरांना माश्यांनी मेणाची टोपी घातल्याशिवाय मध काढायचा नाही. सगळं वहीत लिहून, तंतोतंत. तात्या त्यांच्या पेट्या तपासायला जातात आणि काही चूक सापडली नाही म्हणून थोडे उदास होऊन येतात.

परवा त्यांच्याकडं गेलो तेव्हा घरामागं पेट्यांची तपासणी चालली होती. तात्या जाळीची टोपी, हातमोजे, बूट अशा तयारीत, हातात धुरांडं, आणि चौकट कशी उचलावी यावर बोलत होते. चौकट उचलत होत्या काकू. डोक्यावर पदर, हात उघडे, शेजारी भाजीची पाटी. एकेक चौकट उजेडाकडं धरून राणी शोधायच्या, पिलं पाहायच्या आणि हलक्या हातानं परत ठेवायच्या. माश्या त्यांच्या मनगटावरून चालत होत्या, बांगडीखालून जात होत्या. एकीनंही डंख मारला नाही. तात्यांच्या हातमोज्यावर मात्र तीन नांग्या रुतलेल्या.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला कशा चावत न्हाईत?"

"मी तिथं बोलत न्हाई," काकू म्हणाल्या.

तात्या खूश झाले. "बरोबर हाय! शास्त्र हाय ते. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. वास आणि ऊब पोळ्याजवळ आली की पहारेकरणींना वाटतं, अस्वल आलं. म्हणून पेटी उघडल्यावर तोंड बाजूला ठेवायचं, शक्यतो बोलायचंच न्हाई." हे नीट कळावं म्हणून त्यांनी जाळी वर केली आणि उघड्या पेटीवर वाकून पुढचं सांगू लागले.

काकूंनी शेवटची चौकट ठेवली, झाकण लावलं, हात पुसले, तात्यांच्या तोंडावरची जाळी खाली ओढली आणि भाजीची पाटी उचलली.

"आता बोला," म्हणाल्या.